गॅलरीतला लाल कोबा



गेल्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलीची मंगनी ठरली. पाहुणे आपल्या चाळीतच येणार म्हणतायत. तोवर घराचं बाहेरचं तोंड जरा बरं दिसायला हवं. गॅलरीत लाद्या बसवतो, स्लायडिंग लावतो, दहा-बारा कुंड्या ठेवतो. तू फक्त रंग सांग."

आमचे माहेर परळच्या एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, समोर चार फूट रुंदीची लाकडी गॅलरी, खाली चौक, चौकात नळ. अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत आले, साचेखात्यात लागले. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पूर्वीसारखी चाललीच नाही. पुढे जी काही रक्कम हाती आली, त्यातून त्यांनी १९८८ साली एक हौस पुरी केली. आमच्या वाट्याच्या गॅलरीत लाल कोबा घातला. अम्मी तो रोज पुसायची. इतका गुळगुळीत की आम्ही भावंडे उन्हाळ्यात त्यावर उघड्या पाठीने लोळायचो.

भावाला मी रंग सांगितला नाही. "आधी सुताराला बोलाव," म्हटले. आमच्या शाळेची जुनी खिडकी चौकटीसकट निखळली होती, तेव्हा एका वयस्कर सुताराने मला एक गोष्ट शिकवली होती. लाकूड डोळ्यांनी बघायचे नाही, टोचून बघायचे. तोच सुतार परळला आला. गॅलरीच्या खांबावर वरून खालपर्यंत त्याने स्क्रू ड्रायव्हर टोचत नेला. वर टणक, मध्ये टणक. तळाशी, जिथे खांब कोब्यात शिरतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात सुरी जावी तसा. खांबावरचा तेलरंग मात्र चकचकीत होता.

सुतार एवढेच म्हणाला, "बाई, लाकूड मेलंय. रंगानं उभं आहे."

पाणी आणि वजन

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण मुंबईतल्या शेकडो चाळींत हेच झालेले असेल. आपल्या जुन्या इमारती सागवानी खांब, तुळया आणि फळ्यांच्या. भिंतींना चुन्याचा गिलावा. लाकूड आणि चुना दोन्ही पाणी घेतात आणि पुन्हा वाऱ्यावर सुकतात. पावसाळ्यात भिजायचे, ऑक्टोबरच्या उन्हात सुकायचे, असा त्यांचा शंभर वर्षांचा शिरस्ता. आपण त्यांच्यावर सिमेंट चढवले की आत गेलेल्या ओलाव्याची परतीची वाट बंद होते. खांबाच्या बुंध्याशी कोबा घट्ट बसला की झडीचे पाणी फटीतून आत जाते आणि तिथेच राहते. तेलरंगाने लाकडाची बाकीची छिद्रेही बुजलेली असतात. मग लाकूड आतून कुजते, वाळवी येते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. भाची बी.कॉम.ला आहे. तिला मी म्हटले, हिशेब तूच कर. सिमेंटचा माल घनफुटाला साधारण ६० किलो भरतो. आमची गॅलरी १२ फूट लांब, ४ फूट रुंद, म्हणजे ४८ चौरस फूट. त्यावर दोन इंच कोबा म्हणजे ८ घनफूट, अर्थात ४८० किलो. हे अब्बांनी घातलेले. भावाच्या बेतातला दीड इंच माल आणि त्यावरच्या लाद्या मिळून आणखी ४४० किलो. कोपऱ्यातले पाण्याचे पिंप २०० लिटरचे, म्हणजे २०० किलो. दहा कुंड्या, ओल्या मातीसकट प्रत्येकी २० किलो धरल्या तर आणखी २००. एकूण १३२० किलो. लहान मोटारगाडीपेक्षा जास्त. शिवाय मंगनीच्या दिवशी त्याच गॅलरीत वीस-पंचवीस माणसे उभी राहणार.

भाचीने कागद वडिलांच्या हातात दिला. भाऊ बराच वेळ बोलला नाही.

३१ ऑगस्ट २०१७ ला, बकरी ईदच्या दोन दिवस आधी, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. त्या इमारतींची कारणे त्यांच्यापाशी. आपल्या घराचा विचार करताना मात्र ही नावे विसरून चालत नाही.

अम्मीचा कोबा

सुताराच्या मते पहिले काम एकच होते. कोबा काढायचा, वजन उतरवायचे, बुंधे मोकळे करायचे. अम्मीने ऐकले आणि उठून आत गेली.

दोन दिवस ती या विषयावर बोलली नाही. भाभीने समजावले, भावाने समजावले. मी शिक्षिका, मला समजावण्याची सवय. मीही ओलावा, वजन, वाळवी असा सगळा धडा म्हटला. अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांनी हातानं घोटलाय तो. त्यांना काय, घर पाडायचं होतं का?"

याला उत्तर नव्हते. अब्बांनी घर सुंदर करायलाच कोबा घातला होता. त्या काळी जो तो तेच करत होता. चूक प्रेमाने झाली म्हणून ती लाकडाला कळत नाही, एवढेच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्मी गॅलरीत उभी होती. खाली पहिल्या मजल्यावर, बरोबर आमच्या गॅलरीखाली, तिथल्या आजी नेहमीसारख्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या. चाळीस वर्षे त्या त्याच जागी बसतात. आमच्या घरचा शीरखुर्मा पहिल्यांदा त्यांच्याकडे जातो, गणपतीत त्यांचे मोदक पहिल्यांदा आमच्याकडे येतात. अम्मीने खाली वाकून विचारले, "ताई, तुमच्या डोक्यावर कधी माती पडते का?"

आजी सहज म्हणाल्या, "पडते की. दोन वर्षं झाली. रोज झाडते मी. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा बांधलेला कोबा आहे."

अम्मी आत आली आणि भावाला म्हणाली, "उद्या फोड."

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण मुलांना पुष्कळ सांगतो. चाळीत तो हक्क डोक्यावर असतो. आपली जमीन ही कुणाचे तरी छप्पर असते, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या दिवशी नीट कळले.

आपले काम कोणते, आपले नाही ते कोणते

इथे एक रेघ ओढून घेऊ. हौसेने स्वतः करण्याची कामे वेगळी आणि इमारतीच्या सांगाड्याची कामे वेगळी. खांब, तुळई, गॅलरीचे आधार, भिंतीतली मोठी भेग, ही आपली कामे नाहीत. तिथे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. कोबा फोडतानासुद्धा आम्ही आधी इंजिनिअरला दाखवले, खालून लोखंडी टेकू लावले आणि मगच छिन्नी धरली. घण घातला नाही, हादऱ्याने बाकीचे सुटेल म्हणून. हळूहळू तुकडे काढले, रोजचा राबीट रोज खाली नेला. ते दोन दिवस आजींची बैठक चौकात हलवली होती.

कुजलेला बुंधा कापून तिथे नवे सागवान जोडण्याचे काम सुताराने इंजिनिअरच्या देखरेखीखाली केले. घरमालकांची लेखी परवानगी आधी घेतली आणि खर्चासाठी मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढली.

भाडेकरूंनी कायद्याच्या दोन-तीन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगे नीट ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने दुरुस्ती टाळली, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू एकट्याने किंवा मिळून ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. जुनी भाडी पाहता ही रक्कम किरकोळ असते हे खरे. पण नोटिशीची पोच आपल्या फाइलीत असणे किरकोळ नसते.

त्याच कायद्यात उलट बाजूही आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले, तर घर खाली करून मागण्याचे ते कारण होऊ शकते. लाकडी पडदी, दार, जाळीकाम, स्वयंपाकाचा ओटा यांसारख्या गोष्टी, जरूर तिथे पालिकेची परवानगी घेऊन केल्या, तर पक्क्या बांधकामात धरत नाहीत. गॅलरी विटांनी बंद करून खोली वाढवणे मात्र सरळ धोक्याचे आहे, वजनाच्या दृष्टीने आणि कायद्याच्याही.

शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती, ज्यांना आपण सेसच्या इमारती म्हणतो, त्यांच्यासाठी म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ती जरूर पाहावी. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचना तपासणी करून घेणेही महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या इमारतीची झाली आहे का, एवढे तरी मीटिंगमध्ये विचारावे.

चार रविवारांची कामे

बुंधे दुरुस्त झाल्यावर आमच्या हाती चार रविवार उरले. तेवढ्यात घरच्यांनीच जे केले, ते सांगते. कुणालाही जमेल असे आहे.

पहिल्या रविवारी पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. पन्हाळीतला पाला, गॅलरीच्या कडेची माती, बाहेरच्या पाइपाजवळचा गाळ काढला. पाणी वाहून गेले की निम्मी दुरुस्ती होते. पिंप गॅलरीतून काढून आत, भिंतीलगत नेले. तिथे खाली तुळई आहे हे इंजिनिअरने दाखवले होते.

मागच्या भिंतीत पिंपळाची रोपे होती. बोटभर कोवळे रोप असेल तर भिंत ओली असताना मुळासकट उपटावे. नुसते कापले की ते दुप्पट जोमाने फुटते. पण मूळ अंगठ्याएवढे जाड होऊन दगडांत शिरले असेल, तर ओढू नये, दगड सुटतात. तेजाबही ओतू नये, त्याने चुना विरघळतो. ते मिस्त्रीचे काम. शिडीवरून किंवा कठड्यावर चढून तर कुणीच करू नये.

दुसऱ्या रविवारी सफेदी. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. चुनकळी आदल्या दिवशी पत्र्याच्या पिंपात पाण्यात घातली. चुनकळी पाण्यात टाकायची, पाणी चुनकळीवर ओतायचे नाही. ती उकळते, प्लास्टिकची बालदी वितळू शकते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे, मुलांना लांब ठेवावे. रात्रभर मुरल्यावर कपड्याने गाळून त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर निळ घातली. भिंत आधी झाडून, पाणी शिंपडून ओली केली आणि पातळ तीन हात दिले. भर उन्हात लावू नये, भुरभुरीत होऊन हाताला लागते. सकाळी लवकर किंवा असरनंतर लावावा. ओला असताना चुना फिका दिसतो. आमच्या भाभीने पहिला हात पाहून तोंड वाकडे केले होते, वाळल्यावर ती गप्प झाली. चुना, डिंक, निळ आणि कुंचले मिळून हजार रुपयांच्या आत काम झाले.

तिसऱ्या रविवारी लाकूड. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारत पाणकागदाने घासावा, नाकातोंडावर मास्क असावा, लहान मुले आणि गरोदर बायका त्या दिवशी दुसरीकडे असाव्यात. पडलेला चुरा ओल्या कपड्याने टिपून पिशवीत बांधून टाकावा. खांब पूर्ण सुकल्यावर आम्ही त्याला अळशीच्या तेलाचे दोन हात दिले. एक सूचना, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

कठडाही तेव्हाच पाहिला. उंची किमान एक मीटर हवी आणि दोन गजांतले अंतर चार इंचांहून जास्त नको, म्हणजे लहानग्याचे डोके आत जात नाही. आमच्या कठड्याची उंची कमी निघाली. सुताराने वर एक हलका लाकडी दांडा वाढवून दिला. कठड्याजवळ ठेवलेली पेटी, ज्यावर मुले चढायची, ती आत गेली.

चौथ्या रविवारी झाडे आणि चौक. दहा मातीच्या कुंड्यांऐवजी पाच हलक्या कुंड्या घेतल्या. निम्म्याहून जास्त नारळाचा भुसा, बाकी शेणखत आणि थोडी माती. पुदिना, सब्जा, कोरफड, एक मोगरा. मेंदीचे मोठे झाड भावाला गॅलरीत हवे होते, ते चौकात जमिनीत लावले. कुंड्या कठड्यावर ठेवल्या नाहीत. आत, भिंतीच्या बाजूला ठेवल्या. खालच्या ताटल्यांतले पाणी दर आठवड्याला ठरल्या दिवशी ओतून टाकायचे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही जुम्म्याचा दिवस धरला आहे.

चौकात सगळे बिऱ्हाडवाले उतरले. मोडक्या सायकली, पत्रे, फुटकी पिंपे बाहेर गेली. कुणी म्हणाले, सगळीकडे सिमेंट ओतून टाकू. मी हात जोडले. नळाभोवती फरशी असू दे, बाकी माती मोकळी राहू दे, पाणी मुरायला जागा हवी. जिन्याखालची अडगळ काढली तेव्हा दिसले की जिन्याची वाट किती रुंद होती. रात्री कुणाला स्ट्रेचरवर न्यायची वेळ आली, तर आता नेता येईल. वाटेतला अडथळा दूर करणे हाही सदकाच, हे आपण जाणतोच.

पुनर्विकास होणारच आहे, मग कशाला?

हा प्रश्न चौकात त्या दिवशीही निघाला. आमच्या चाळीत पुनर्विकासाची चर्चा मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकते. होईल तेव्हा चांगलेच. मोठे घर, लिफ्ट, आतले संडास कुणाला नको आहेत? पण मधल्या वर्षांतही माणसे तिथेच झोपतात. पावसाळा पुनर्विकासाची वाट पाहत थांबत नाही. म्हणून माझा हिशेब असा आहे, जे उद्या सोबत नेता येणार नाही त्यावर हौसेचा पैसा घालू नये, पण ज्यावर आज जीव अवलंबून आहे त्यात काटकसर करू नये. लाद्या आणि स्लायडिंगचा पैसा वाचला. त्यातला वाटा खांबाच्या वर्गणीत गेला आणि उरलेला भाचीच्या कपड्यांत.

मंगनीच्या दिवशी पाहुणे आले. गॅलरीत एका वेळी दहाच माणसे, असे भावाने दारातच गोडीने सांगून ठेवले. बाकीच्यांच्या खुर्च्या चौकात, मेंदीच्या नव्या रोपाशेजारी. गॅलरीत आता साध्या फळ्या आहेत. अम्मीची अट एकच होती, कठड्याचा दांडा लाल हवा. भाचीने शिशाविरहित रंगाचा डबा शोधून आणला आणि स्वतः रंगवला.

खालच्या आजी लसूण सोलायला पुन्हा जुन्या जागी बसू लागल्या आहेत. अम्मी अधूनमधून वरून विचारते, "ताई, माती पडते का?"

"नाही हो," असे उत्तर येते.

वाचकहो, पाऊस येण्याआधी एक रविवार काढा. एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि आपल्या गॅलरीच्या खांबाचा बुंधा टोचून पाहा. मग खालच्या मजल्यावर जा, आपल्या घराच्या तळाकडे मान वर करून बघा, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारा, काही पडते का. रंग कोणता लावायचा, ते त्यानंतर ठरवू.

पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.